अचूकरावांचा कौल

पडद्यावर आकडा झळकला आणि सभागृहातल्या माणसांनी निवडणुकीआधी फोनवरून लोकांचा कौल घेणाऱ्या अचूकरावांना चक्क हात जोडले. कारखान्याच्या मालकाला एकोणनव्वद टक्के, त्याच्याविरुद्ध निवडणुकीला उभ्या असलेल्या नर्सला अकरा. "मी बोलत नाही, जनता माझ्या तोंडून बोलते," अचूकराव डोळे मिटून म्हणाले. मागच्या दोन निवडणुकांत त्यांचं भाकीत खरं ठरलं होतं, मग आणखी काय पाहिजे! चांगली शिकलीसवरलेली माणसं माना डोलवत होती.

मागच्या रांगेत नर्सची थोरली बहीण बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची. कारखान्याच्या सांडपाण्यानं लहान मुलांच्या अंगावर उठणारे फोड पाहून धाकटी निवडणुकीला उभी राहिली होती. या एका आकड्यानं तिचे कार्यकर्ते पांगले आणि आता तीही अर्ज मागे घेते म्हणत होती. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत होती.

सकाळी बाईंनी वर्गात विचारलं, अचूकरावांचा फोन कुणाच्या घरी आला होता? चाळीस मुलांत तीन हात वर झाले, तिघंही दुकानदारांची मुलं. बाकीच्यांचे आईवडील कारखान्यात कामाला. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुपारी एकला शाळा सुटताच त्या अचूकरावांच्या कचेरीत गेल्या. फोन दहा ते पाच करतो, तिथली मुलगी भाबडेपणानं म्हणाली. कुणी उचलला नाही तर पुढचा नंबर लावायचा. आणि दहा ते पाच कामगारांचे फोन कारखान्याच्या फाटकावरच्या पेटीत जमा असतात, मालकाचाच तसा नियम. कचेरीच्या खिडकीतून ती पेटी स्वच्छ दिसत होती. अचूकरावांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? आणि आधीची दोन भाकितं? हरणाऱ्यामागे मत कोण वाया घालवतो! आकडा ऐकून लोक घरी बसले आणि आकडा खरा झाला.

बाईंनी बहिणीला दहादा फोन लावला. तो बंद होता. त्या धापा टाकत निवडणूक कार्यालयात पोचल्या, तेव्हा धाकटी पायऱ्या उतरत होती.

"सही करून आले, ताई. अकरा टक्क्यांवर कशाला हसं करून घ्यायचं?"

"तुला आला होता त्यांचा फोन?"

"मला कुठला? ड्यूटीवर असले की माझा फोन कपाटात..." ती पायरीवरच बसली. बाईंना रागानं रडू आलं.

मालक बिनविरोध निवडून आला. अचूकराव तिसऱ्यांदा अचूक ठरले, त्यांना हारही पडले. त्यात चमत्कार कसला? आपणच तो आकडा खरा करून दिला. पुढच्या वेळी असा कौल ऐकलात तर हात जोडण्याआधी विचारा, तुम्ही विचारलंत कुणाला आणि कधी? आणि उत्तर मिळो न मिळो, ज्याला मत द्यायचं ठरवलंय त्यालाच जाऊन द्या.