घटाजवळचे प्लग

"घट बसलेत, धुळाजी. बसलेला देव मधीच उठवत न्हाईत."

"देव नगं, आईसाब. देवाच्या शेजारचे ते चार पिलग तेवढे द्या."

"शेजारी काय अन् मांडीवर काय! एकदा कुंकू लागलं की लागलं."

चंद्रभागाबाईंनी देवघराचं दार ओढून घेतलं. दिंद्रुडात देशमुखांच्या या मातोश्रींचा शब्द निजामाच्या फर्मानाखालोखाल चाले; फर्मान लांबून यायचं, एवढाच फरक.

धुळाजी देशमुखांच्या मोटारीचा ड्रायव्हर होता, मेकॅनिक होता, आणि चढावर ती ढकलणाराही तोच. मोटार म्हणजे टपाल वाहून वाहून थकलेली एक बंद टपाची गाडी. तिला मोहनराव देशमुखांनी लिलावातून सोडवून आणलं होतं. इंजिनात पेट्रोल पेटायला ठिणगी लागते आणि ती प्लगातून पडते. या गाडीचे चारी प्लग मात्र ठिणगी टाकायच्या वयापलीकडे गेले होते. म्हणून मोहनरावांनी हैदराबादेहून नवे मागवले. नवी वस्तू आधी देवापुढं ठेवायची हा घरचा रिवाज, म्हणून ठेवले. मग त्यांना वाटलं, जुन्यांवर चाललंय तोवर नवे कशाला खराब करा? तोवर घटस्थापना आली. डबीत कोंडलेल्या वस्तूची पूजा कशी करणार, म्हणून मातोश्रींनी प्लग बाहेर काढले, ओलं हळदकुंकू लावलं आणि घटाशेजारी पाटावर मांडले. पांढऱ्या चिनीमातीची चार ठेंगणी दैवतं. दर्शनाला येणाऱ्या बायका त्यांच्याही पाया पडत. एकीनं तर नवस बोलल्याचं ऐकिवात होतं.

आता खंडेनवमीला सकाळी पोलिसांचे अमीनसाहेब याच मोटारीनं बीडला निघायचे होते. तिथं सगळ्या सुभ्याचे साहेब, सुभेदार, यांची स्वारी येणार होती.

धुळाजी नवे प्लग मागत होता तो त्यामुळं. त्याच्या आधी ही गाडी हरिबा चालवायचा. एका बड्या अंमलदाराला नेताना ती वाटेत बंद पडली. अंमलदारानं बैलजोडी मागवली, त्यातला एक बैल सोडायला लावला आणि त्याच्या जागी हरिबाला जुंपलं. गाडी तशीच गावात आली. बघायला सगळा गाव होता, आणि कुणी हसलं नाही. हरिबा आता शेळ्या राखतो, पण मोटारीचा आवाज आला की तुरीत शिरून बसतो.

धुळाजीनं जुने प्लग कानशीनं घासले, बसवले, हँडल मारलं. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. परत मारलं, तेव्हा कशीबशी सुरू झाली.

"चालती न्हवं?" मोहनरावांनी ओसरीवरून विचारलं.

"चालती मालक, पर..."

"चालती तर पर कशाला?"

खंडेनवमीला दिवस उगवायच्या सुमाराला त्याची बायको सुंदरबाई देशमुखांकडची झाडलोट उरकून आली. तिनं ओच्यातून नवे चारी प्लग काढून त्याच्यापुढं ठेवले.

"हे कावून आनलंस?" धुळाजीनं इकडंतिकडं बघत विचारलं.

"मग तुमाला बैलाच्या जागी बघू? जुने द्या हिकडं. घासून कुंकू लावते अन् मांडते पाटावर."

"आगं, आईसाब बघतील की!"

"त्यास्नी सुनेतलं अन् लेकीतलं वळखू येत न्हाई, पिलगातलं काय येतंय!"

धुळाजीनं रॉकेलच्या बोळ्यानं तीन प्लग लख्ख पुसले. चौथ्यावर हात थांबला. सगळंच कुंकू पुसलं तर देवी काय म्हणेल? एकावर तरी राहू द्यावं. त्यानं तो चौथा तसाच बसवला, वर हातही जोडले.

मोटार जन्मात चालली नव्हती अशी चालली, आणि धुळाजीला घाम फुटला. बंद पडली तर बैल होते, आणि इतकी नीट चालली तर मालक विचारणार की कशानं. पण सोबत निघालेले मोहनराव अमीनसाहेबांना, जुनं ते सोनं कसं असतं, हे सांगण्यात गुंग होते. ओसरीवर मोठा आवाज असलेले मोहनराव अमीनसाहेबांशी कुजबुजल्यासारखं बोलत. अमीनसाहेब सुभेदारांचं नाव घेताना आवाज उतरवत.

वडवणीच्या अलीकडं ओढा लागला. धुळाजीनं गाडी पाण्यात घातली, पाणी वर उडालं, आणि इंजिन लंगडू लागलं. पलीकडचा चढ अर्धा चढून गाडी थांबली.

"क्या हुआ रे? काय कू रुकी?" अमीनसाहेबांनी घड्याळ काढलं. "सुभेदारसाब पहुँच गए तो मेरी नोकरी जाती ना! ओ गाडीवाले! बैल खोल!"

समोरून येणारा गाडीवान खाली उतरून जू सोडू लागला. धुळाजीला हरिबाची मान आठवली. त्यानं झाकण उघडलं.

चौथ्या प्लगावरचं कुंकू भिजून ओघळलं होतं. ठिणगी आत पडायच्या ऐवजी त्या ओल्या ओघळावरून बाहेरच्या बाहेर पळत होती. ते पुसायला त्यानं मुंडाशाचं टोक धरलं, आणि मागं मोहनराव येऊन उभे राहिले.

त्यांनी कुंकू पाहिलं. निजामाच्या उभ्या राज्यात प्लगाला कुंकू लावणारं दुसरं घर नव्हतं.

"क्या है, देशमुख?" आतून आवाज आला.

"कुछ नहीं, साब. थोडा पानी गया." मोहनरावांनी खिशातला रेशमी रुमाल काढून पुढं धरला. "पूस."

"मालक, आईसाबांच्या हातचं हाय..."

"पूस म्हनलो न बे!"

धुळाजीनं कुंकू पुसून काढलं आणि रुमाल परत दिला. हँडल मारताच गाडी सुरू झाली, आणि गाडीवानानं बैल परत जुंपले.

बीडला अमीनसाहेब उतरले आणि मागं न बघता गेले. मोहनरावांनी लाल झालेला रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"उद्यापास्नं येऊ नको. बायकोला बी सांग."

"जी."

"अन् आईला म्या काय सांगू, आँ?"

 धुळाजीनं पाना काढला आणि इंजिनाचं झाकण उघडलं.

"आता काय करतो?"

"पिलग काढतो, मालक. आईसाबांचे हायेत. तुमच्या हवाली करतो."

"मग म्या घरी कसा जाऊ बे?"

धुळाजीनं पाना ठेवला, हँडल मारलं.  परतीच्या वाटेला ओढा आला तसा धुळाजी खाली उतरला, धोतर खोचून पाण्यात चालत उथळ जागा शोधून आला, आणि इंजिनावर पाणी उडू नये म्हणून मोटारीच्या तोंडाशी पोतं बांधून ती पाण्यात घातली. एक थेंब वर उडाला नाही. गाडी इतक्या हळू पलीकडं गेली, की ओढ्यात पाणी पिणाऱ्या म्हशींनी मानसुद्धा वर केली नाही.