हाय

ज्वारीच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलच्या कोपऱ्यात तो माईक – दाण्याएवढा, त्यावर तिरकी लाल रेघ – आणि शिवांजलीचा अंगठा त्याच्यावर नुसताच धरलेला. आज मराठीची तोंडी परीक्षा. नाव पुकारल्यावर आवाज आला नाही, तर दहावीच्या गुणांत शून्य. अंगठ्यानं रेघ काढून टाकायची आणि बोलायचं, एवढंच... एवढंच कसं?

मागच्या सोमवारी काढली होतीच की. नव्या बाईंनी – कोरोनानं शाळा बंद झाल्यावर पुण्याहून शिकवायला लागलेल्या, कधी समोर न दिसलेल्या – विचारलं, "शिवांजली?" आणि ती म्हणाली, "हाय, बाई." म्हणजे आहे, इथंच, कोरेगावात, पत्र्याखाली, वही उघडून... बाईंना ते इंग्रजीतलं वाटलं. "हाय? मी काय मैत्रीण आहे का गं तुझी?" लगेच खाली हलणाऱ्या हातांची, हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. वीरधवलनं लिहिलं, 'हाय हाय शिवांजली!' वीरधवल! ज्याची आजी "हाय का रं आमचं पोरगं?" करत गल्लीभर त्याला हुडकते. बाकावर असता तर कंपासपेटी फेकून मारली असती मी. इथं कुणाला मारू? चौकोनाला?

मग राग निघाला तो आईवर. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "बाई हाय का गं अजून?" आणि ही किंचाळली, "हाय नाही, आहे! आहे म्हण! तुझ्यामुळंच..." आईचा परातीतला हात तेवढा थांबला.

तेव्हापासून शिवांजली 'आहे' घोटत होती – वेणी घालताना, कपडे पिळताना. दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं.

"राजेश्वरी?"

"आहे, बाई."

"वीरधवल?"

"आहे, बाई." – लबाड.

मागं भाकरीची थाप चालू होती, आणि थापेखाली कसलीशी पुटपुट. तिनं मान वळवली. आई पिठाच्या हातांकडे बघत ओठ हलवत होती. "बाई आहे..." थाप. "शाळा हाय... आहे. आहे." थाप.

छातीत इतकं तापलं... बाईंवर? वीरधवलवर? ते सगळे एकदम लांब गेले, चौकोनांत. तापत होतं ते इथंच, स्वतःच्याच तोंडाशी.

"शिवांजली? शिवांजली आहे का?"

लाल रेघ निघाली. मागची थाप थांबली – आईनं श्वाससुद्धा रोखला असणार. जिभेवर दोन्ही शब्द आले, शेजारी शेजारी उभे राहिले, आणि शिवांजलीला आठवड्यात पहिल्यांदाच घाई वाटली नाही.

थांबू देत की बाई जरा.