खालचा आकडा

छाती भरली म्हणून ठमीला मुलांच्या वॉर्डात आणलं होतं. ती पाच महिन्यांची. सकाळी डॉक्टरांनी नाकातली ऑक्सिजनची नळी काढली आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत मशीनवरचा वरचा, ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला नाही तर उद्या घरी. तेव्हापासून मी ठमीकडे कमी आणि मशीनकडेच जास्त बघत होते. आधी भीती वाटायची, आता तीही वाटेनाशी झाली होती. कुणी कसं आहे विचारलं की मी आकडा सांगायचे.

पायाच्या अंगठ्याला लावलेला चिमटा ठमी लाथा झाडून पाडायची. पडला की मशीन बोंबलायचं, शेजारच्या खाटेवरचं मूल दचकून उठायचं आणि त्याची आई आमच्याकडे बघायची. बाबा, माझे सासरे, म्हणाले, हे मशीन म्हणजे आपल्या थोरल्या आत्याबाई. कुणी कूस बदलली तरी गावभर करणार. मला हसू आलं नाही. त्यांनीही ते मनावर घेतलं नाही.

दुपारी त्यांनी मला दोन घास खायला पाठवलं. काय खाल्लं आठवत नाही. परतले तर सगळं सामसूम. ठमी झोपलेली, बाबा खाटेला टेकलेले, एक हात तिच्या चादरीखाली. नातीचा पाय धरून बसले असतील असं वाटलं. मशीनवर वर सत्त्याण्णव, खाली बहात्तर. खालचा आकडा नाडीचा, हे मला माहीत होतं. एरवी तो एकशे चाळीसच्या आसपास नाचायचा. चला, पोर शांत झाली, एवढंच मनात आलं. नवऱ्याला फोन करून सांगितलं, उद्या सुटू. तो बराच वेळ बोलत होता. मी हं, हं करत होते.

पाळी बदलली. नवी सिस्टर ठमीच्या काखेत थर्मामीटर लावायला वाकली, मशीनकडे पाहिलं आणि तशीच थांबली.

"ही नाडी कुणाची?"

तिने चादर उचलली. चिमटा बाबांच्या बोटाला होता.

"सारखी पाडत होती," बाबा म्हणाले. "म्हटलं, पोरीला जरा डोळा लागेल. मग आकडा बरा दिसायला लागला. काढवेना."

सिस्टर रागावली नाही. तिने चिमटा ठमीच्या अंगठ्याला लावला आणि पाय मुठीत धरून ठेवला. वर अठ्ठ्याऐंशी, खाली एकशे सत्तर. मशीन बोंबलायला लागलं. तिने झबलं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. कधीपासून पडत होता कोण जाणे; चादर मीच गळ्यापर्यंत नीट केली होती.

नळी पुन्हा लागली. डॉक्टर येऊन गेले. उद्या घरी जायचं राहिलं.

सिस्टरने माझा हात उचलून ठमीच्या पोटावर ठेवला. आकडा तिकडे राहू दे, म्हणाली, हे बघा. तळव्याखाली पोट भराभर वरखाली होत होतं.

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते, ते बोट दुसऱ्या मुठीत धरून.

"किती झालाय गं आता?"

"बघितला नाही," मी म्हटलं.

पर्समध्ये फोन वाजत होता. नवऱ्याचाच असणार, त्याने घर आवरायला घेतलं असेल. मी हात काढला नाही.