ग्रहणात इंदापूरला गेलेली बरणी

३ मार्च २०२६, मंगळवार. आभाळ स्वच्छ, वारा नाही. दुपारी ओट्यावर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता.

मी बरणी बोलतेय. पाच किलोची, प्लास्टिकची, लाल झाकणाची. सणसरच्या सिंधुबाईंनी मला कैरीच्या लोणच्यासाठी आणलं. दोन वर्षं मी लोणचं सांभाळलं. गेल्या सप्टेंबरात मला घासूनपुसून त्यांच्या सुनेच्या, राजेश्वरीच्या, खोलीत ठेवलं आणि माझ्यात रोज एक वापरलेलं इंजेक्शन पडू लागलं.

राजेश्वरीच्या अंगाची राखण करणारी यंत्रणाच तिच्या रक्तावर उलटते आणि गुठळ्या होतात. एकदा पायात झाली. मग दोन गर्भ गेले, दुसरा पाचव्या महिन्यात. हा तिसरा. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज एक गोळी आणि संध्याकाळी सहाला पोटात एक इंजेक्शन. खंड पडता कामा नये. राजेश्वरी स्वतःच टोचून घ्यायची. पोटावर निळे-पिवळे डाग पडले होते, पण खंड नव्हता.

तिचे सासरे दादासो हा आजार पाहुण्यांना आपल्या पद्धतीनं समजावत. "ठिबकच्या नळीत क्षार साठलं की शेंड्याच्या रोपाला पाणी पोचत न्हाय. तसं हाय. इंजेक्शन म्हंजी नळी धुवायचं औषध." पाहुणे मान डोलवत आणि माझ्याकडं बघून विचारत, "लोणचं कैरीचं का लिंबाचं?"

त्या मंगळवारी चंद्रग्रहण होतं, दुपारी तीन वीस ते संध्याकाळी सहा सत्तेचाळीस. सणसरला चंद्र उगवेपर्यंत ते सुटतच आलेलं असणार होतं. पण सिंधुबाईंनी पोटुशा सुनेला तीनलाच पाटावर बसवलं. ग्रहणात गरोदर बाईनं धारेचं, टोकाचं काही हाताळायचं नाही. विळी, कोयता, कात्री, सुईदोऱ्याचा डबा, सगळं त्यांनी एका चादरीत बांधलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्यात एकशे अडुसष्ट सुया होत्या. मलाही बांधलं, आणि शेजारची नव्या इंजेक्शनांची पेटीही.

"हे घराबाहेर न्या," त्या दादासोंना म्हणाल्या.

"मी नांगराचे फाळ घिऊन इंदापूरला निघालोय."

"मग तिकडंच न्या. पर ग्रहणात जाताय व्हय?"

"मी काय पोटुशी हाय का?"

गाठोडं ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी अडकवलं गेलं. कोयता माझ्या कुशीत टोचत होता. विळी वाटभर कुरकुरत होती. पेटी मात्र गप्प होती. ती तापत चालली होती.

इंदापुरात रमजानभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात दादासो फाळ उतरवून चहाला गेले. रमजानभाईंनी गाठोडं सोडलं. आतलं सगळं धारेचं. हेही धार लावायलाच आणलंय, असं त्यांनी धरलं. विळी झाली, कोयता झाला, कात्री झाली. दादासो परतले तेव्हा रमजानभाई मला हातात धरून विचारात पडले होते.

"दादासो, ह्या सुयांना धार लावायची म्हंजी चार दिवस जातील."

तेवढ्यात फोन वाजला. सहाला पाच कमी होते.

"मामा, माझी पेटी कुठाय?" राजेश्वरीचा आवाज बारीक झाला होता.

दादासोंनी पेटीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. पेटी तापलीय म्हटल्यावर तिनं डॉक्टरीणबाईंना विचारून पुन्हा फोन केला. तापलेलं वापरायचं नाही. तासा-दोन तासांचा उशीर चालेल, पण आजचं चुकवायचं नाही.

ट्रॅक्टरनं घर लांब. रमजानभाईंनी मोटारसायकल काढली. मागं दादासो आणि त्यांच्या मांडीवर मी. पहिल्या मेडिकलमध्ये दादासोंनी मला काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "ह्यातलं एक द्या. नवं." माणूस दोन पावलं मागं सरला. दुसरं दुकान बंद. तिसऱ्यात ते औषध होतं.

आम्ही साडेसातला पोचलो. ग्रहण सुटलं होतं, सिंधुबाईंची आंघोळ झाली होती, पण केस ओलेच सोडून त्या दारात उभ्या होत्या.

"आत्या, इंजेक्शन पण बांधायचं असतं का?" राजेश्वरीनं एवढंच विचारलं.

सिंधुबाई उंबऱ्यावर बसल्या. "मागल्या खेपंला गिराणात तू भेंडी चिरत हुतीस. मी बघितलं. तू रागावशील म्हणून गप बसले. आन मग ते तसं झालं. औंदा मी गप बसणार न्हवते."

राजेश्वरी म्हणाली, "भेंडीनं न्हाय गेलं ते, आत्या. माझ्या रक्तानं गेलं. आन रक्ताचा इलाज ह्या सुईत हाय."

"खरं सांगतीस?"

"डॉक्टरीणबाईंना विचारा."

सात चाळीसला इंजेक्शन झालं. माझं झाकण सिंधुबाईंनी उघडून धरलं, तोंड फिरवून. त्यानंतर रोज सहाला झाकण त्याच उघडायच्या. तोंड मात्र फिरलेलंच.

आता मी काठोकाठ भरून बारामतीच्या दवाखान्यात मागच्या खोलीत आहे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांच्या सुयांसाठी घरी दुसरी बरणी आली आहे, मिठाची. मला लवकरच जाळायला नेतील, त्याचं काही वाटत नाही. एवढंच मागणं, सुया उकिरड्यावर टाकू नका, आणि माझ्यासारखीला लोणच्याचं विचारू नका.

२१ एप्रिल २०२६, मंगळवार, सकाळी नऊ वाजून अठरा मिनिटं. मुलगी. दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. आई आणि मूल दोघी खोली क्रमांक चारमध्ये.