जॅकेटची हजेरी

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात, ती कॉम्प्युटरात रोज चालते. आपण एक गोष्ट मागवावी आणि तिच्यामागून चार बिनबोलावलेले पाहुणे घरात शिरावेत. क्षितिजाला हे ठाऊक होतं, सॉफ्टवेअर बसवणं हाच तिचा धंदा होता. तरी काशीमीऱ्याच्या त्या कोळंबीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सकाळी 'हजेरी' हा जादाचा भाग निवडताना पडद्यावर आलेली ओळ तिने वाचली नाही. 'यासोबत लागणारी मदतीची कामंही बसवली जातील.' तिने 'होय' दाबलं. सगळेच दाबतात.

काम आईमुळे मिळालं होतं. इंदूबाई तिथे कित्येक वर्षं गोठवलेले खोके रचत होत्या. आमची पोरगी बसवून देईल, म्हणून त्यांनीच सुपरवायझर श्रीपतीला गळ घातली होती. रीत सोपी होती: प्रत्येक जाड जॅकेटच्या खिशात कार्ड शिवायचं, दाराची चौकट ते आपोआप वाचणार आणि आत किती माणसं आहेत ते पडद्यावर दाखवणार.

दुपारी जेवणाच्या वेळी इंदूबाईंबरोबर खोके रचणारी सुरुची धावत ऑफिसात आली. तिला सकाळपासून ताप होता, म्हणून इंदूबाईंनी आपलं जॅकेट तिच्या अंगावर घालून तिला बाहेर पाठवलं होतं आणि शेवटचे खोके लावून आलेच, म्हणाल्या होत्या. आता दार उघडत नव्हतं.

पडद्यावर 'आत: शून्य' असं होतं. त्याखाली लिहिलं होतं, 'खोली रिकामी, दार कुलूपबंद.'

क्षितिजाला सकाळची ती ओळ आठवली. हाच तो बिनबोलावलेला पाहुणा. शेवटचं कार्ड बाहेर पडलं की खोली रिकामी समजून कुलूप लावणारा. आत उणे अठरा, आणि आई सुती साडीत. दाराची आतली मूठ कधीचीच तुटलेली होती; दाराचं विजेवरचं कुलूप कधी लागतच नसे, म्हणून कुणी बदललीही नव्हती. श्रीपतीने मेन स्विच पाडला, तर कुलूप बॅटरीवर गेलं. आतून दारावर थापा ऐकू येत होत्या, त्याही मंदावत चालल्या होत्या.

पडद्यावर कुलूप उघडायचं बटण कुठेच सापडेना, तेव्हा क्षितिजाने घाईघाईने हजेरी काढून टाकली. हजेरी गेली, पण तिच्यासोबत आलेला पाहुणा गेला नाही. यजमान उठला तरी हा पाटावरच. वर चौकटीचा दिवाही विझला. कार्ड वाचणारं आता कुणी उरलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थापा थांबल्या.

"मॅडम, काहीतरी करा," श्रीपती म्हणाला.

क्षितिजाची नजर सुरुचीच्या अंगावरच्या जॅकेटवर गेली. त्या खुळ्या कुलपाला माणूस कळत नव्हता, जॅकेट कळत होतं. मग जॅकेटच आत गेलं पाहिजे. तिने हजेरी पुन्हा बसवायला घेतली आणि पडद्यावर तीच ओळ आली. या वेळी तिने ती शब्द न् शब्द वाचली आणि तेच 'होय' दाबलं. दिवा लागताच तिने सुरुचीच्या अंगातलं जॅकेट ओढून काढलं आणि धावत जाऊन चौकटीला टेकवलं.

'आत: एक.' कुलूप सुटलं.

इंदूबाई दाराशीच खोक्याला टेकून बसल्या होत्या, ओठ निळे पडलेले. त्यांना उचलून बाहेर आणलं, जॅकेटात गुंडाळलं. श्रीपतीने दारात खोका अडकवला आणि सिस्टिमला शिव्या घालत चहा आणायला गेला.

"सिस्टिमचं काही नाही आई, चूक माझी आहे," क्षितिजा म्हणाली. जॅकेटं कमी आणि बाया जास्त, एकीच्या अंगातलं दुसरीच्या अंगात, हे गाऱ्हाणं ती लहानपणापासून घरी ऐकत आली होती. तरी तिने माणसं मोजायला जॅकेटं मोजली होती.

इंदूबाईंचे दात अजून वाजत होते.

"तू बटण दाबलंस ना सकाळी, तेव्हा मी मागेच उभी होते," त्या म्हणाल्या. "बरंच काय काय लिहिलेलं होतं. मला काय कळतंय त्यातलं. म्हटलं, आपल्या पोरीने वाचलं असेल."

क्षितिजाने जॅकेटची चेन आईच्या गळ्यापर्यंत ओढली.