सकाळच्या मैदानावरचा भाला

मित्रांनो, गोंदियातल्या एका कॉलेजच्या खेळाच्या खोलीत कोपऱ्याला टेकून उभा असलेला ॲल्युमिनियमचा भाला, तो मी. माझा जन्म मेरठच्या कारखान्यात झाला. मुलींसाठी बनवलेला, म्हणून मी वजनाने थोडा हलका.

मला पुष्कळ मुलींनी फेकले, पण चिचगडच्या रविता बिसेनइतके लांब कोणी नाही. बारावीपर्यंत ती माझ्याबरोबर दुपारी सराव करायची. पुढे तिने बी.एस्सी.ला नाव घातले, तेव्हा खेळाचे हेमेंद्र सर नाराज झाले.

"सायन्स काऊन घेऊन राहिली? दुपारी प्रॅक्टिकल राहते, सराव कधी करशील? बी.ए. घे. पोलीस भरतीत खेळाडू म्हणून लागशील."

"मले फिजिक्स शिकायचं आहे, सर. भाला सोडून राहिली असं मी कुठं म्हटलं?"

"जो दुपारी नाही येत, त्याले टीममध्ये जागा नाही."

सरांनी मला कुलपात ठेवले. रविता खिडकीतून माझ्याकडे पाहून प्रयोगशाळेत गेली. मला फार एकटे वाटले.

फिजिक्सच्या टीना मॅडम गोंदियाजवळच्याच फुलचूरला राहायच्या. त्यांना हे कळले. त्या सरांना म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे द्या. मी सकाळी लवकर येत जाईन." सरांनी किल्ली दिली.

मग आम्ही दवातल्या गवतावर सराव करू लागलो. मॅडम बाकावर बसून पेपर तपासत. एकदा रविताचा हात ओला होता, मी निसटून कुंपणाच्या दगडावर आदळलो आणि माझे शेपूट थोडे वाकले. तिने स्वतःचा हात पुसण्याआधी मला उचलून ओढणीने पुसले.

विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी संघ निवडताना सरांनी तिलाही फेकू दिले. पहिल्या दोन फेकी बाद झाल्या, टोक आधी न टेकता मी आडवाच पडलो. तिसऱ्या वेळी माझे टोक जमिनीत रुतले. ती दुसरी आली. दोघींनाच घ्यायचे होते. सरांनी तिचे नाव लिहिले आणि ते म्हणाले, "उद्यापासून सकाळी मीही येतो."

आता रविता एम.एस्सी. करते. सकाळी सायन्सच्या बऱ्याच मुली मैदानावर येतात. त्यांच्या हातात नवे भाले असतात.

मित्रांनो, एवढेच सांगणे आहे. खेळ संपला की भाल्यावरचे दव पुसा, त्याला आडवा टांगा. आणि एखाद्या मुलीने काय शिकावे हे ठरवण्याआधी तिला विचारा.