सातेरी माश्यांचा रथ

पौषातली सकाळ. पंचगंगेवरचं धुकं अजून विरलं नव्हतं. गुऱ्हाळांचा गोडसर धूर त्यात मिसळून साऱ्या कोल्हापुरावर एक दुधी, उबदार शेला पसरला होता. मग सूर्य वर आला, उद्यमनगरच्या पत्र्यांवर पाय देत देत आला, आणि लोहारांच्या कारखान्याच्या जुन्या छतातून उजेडाच्या सळया आत उतरल्या.

त्या उजेडात तो उभा होता. जुना फार्गो ट्रक. गोलगाल नाकाचा, रुंद खांद्यांचा, टपोऱ्या दिव्यांचा. अंगावर नवी निळाई, पाठीवर सागवानी हौदा, छातीत नवं इंजिन. फक्त मागची बाजू अजून अपुरी. चाकांचा एक्सल लाकडी ठोकळ्यांवर टेकलेला, आणि एक्सल अन् चॅसीच्या मधोमध नुसती मोकळी, वाट पाहणारी पोकळी.

त्या पोकळीत काय बसवायचं, ते वैजयंता लोहारनं ठरवायचं होतं.

ती ठरवायला घाबरणाऱ्यांतली नव्हती. चाळिशी ओलांडलेली, ठसठशीत, केसांवर कायम रुमाल बांधलेली वैजयंता. गाडीखाली शिरली की लोखंडाशी बोलणारी आणि बाहेर आली की माणसांशी मोजकं बोलणारी. कारखाना वडिलांचा, पण शब्द आता तिचा. वडील कृष्णात लोहार म्हणजे पाट्यांचे उस्ताद. पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकीवर एक रचून ते असे पाटे घडवत, की उसानं ओथंबलेल्या ट्रकची पाठही त्यांच्यावर ताठ राही. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे त्यांचं पोलाद धावत होतं.

पण हा ट्रक उसाचा नव्हता. हा ट्रक माश्यांचा होता.

ज्ञानदेव सपकाळ हे त्याचे मालक. जावळीच्या रानातले मधपाळ. दर हिवाळ्यात ते आपल्या पेट्या घाटावरून खाली, फुलांच्या शेतांत न्यायचे. पेट्यांत सातेरी माशी. डोंगरची, सावळी, मानी माशी. धक्क्यानं पोळं तुटलं, राणी दुखावली, की ती रुसते आणि घर सोडून निघून जाते. गेल्या हंगामात भाड्याच्या टेम्पोतून पेट्या उतरवल्या, तेव्हा निम्म्यांत मेणाचा चुरा होता. चार दिवसांत निम्मी वस्ती उडून गेली. म्हणून सपकाळांनी आपल्या वडिलांचा पडून राहिलेला ट्रक ओढत इथवर आणला होता.

"ताई, औंदा पोळी तुटली तर माझ्या रानात गुणगुण उरायची न्हाई," एवढंच ते म्हणाले होते. आणि ते वाक्य वैजयंताच्या मनात, कापसात जपलेल्या काचेसारखं, जपून ठेवलेलं होतं.

धक्के झेलायच्या तिन्ही वाटा तिनं निरखल्या. हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर गाडी तोलावी? मऊ खरी ती चाल, राजहंसाची चाल. पण आडरानात फुगा फाटला तर हंस चिखलात बसायचा. वडिलांचे पाटे घालावेत? बळकट, इमानी, वज्रासारखे पाटे. की गुंडाळीच्या स्प्रिंगा घालाव्यात, वेलीच्या तणाव्यासारख्या वळत गेलेल्या, हलक्याशा भारालाही लवणाऱ्या?

तिनं फरशीवर खडूनं एक वळसा काढला. मग दुसरा. मग तिसरा.

कोपऱ्यात कृष्णातराव भट्टीत कोळसा भरत होते. पट्ट्या त्यांनी निवडूनही ठेवल्या होत्या.

"आबा, भट्टी पेटवू नका."

"का गं?"

"मागं पाटे नाही घालायचे. स्प्रिंगा घालायच्या."

म्हाताऱ्याच्या हातातलं फावडं थांबलं. "माझ्या कारखान्यात? माझ्या डोळ्यांदेखत?"

"पाटा भरल्या गाडीचा सोबती, आबा. ही गाडी कधी भरायचीच नाही. पेट्या हलक्या. हलक्या वजनाला पाटा वाकत नाही, अन् सगळा धक्का वर जातो. पोळ्याला तो सोसायचा नाही."

"स्प्रिंग एक्सल धरून ठेवत न्हाई. वळणावर गाडी नाचंल."

"म्हणून एक्सलला चार दांड्यांनी बांधणार. पाचवी आडवी, गाडी बाजूला सरकू नये म्हणून."

कृष्णातरावांनी फावडं खाली ठेवलं. निवडलेल्या पट्ट्या त्यांनी एकेक करून परत भिंतीशी उभ्या केल्या. प्रत्येक पट्टीचा एक खणखणीत, एकाकी स्वर उठला. वैजयंतानं तो ऐकला. काळजात काही हललं; निर्णय हलला नाही.

पौष सरता सरता स्प्रिंगा बसलेली गाडी चाचणीसाठी पन्हाळ्याच्या चढणीला लागली. हौद्यात पेट्यांऐवजी वाळूची पोती, आणि पोत्यांमध्ये, कठड्याला धरून, न बोलावता चढून बसलेले कृष्णातराव. खड्डे आले, खड्डे गेले. नदीवरून नाव जावी तशी गाडी गेली. पण वळणावर तिची पाठ लचकली. पुढच्या वळणावर पुन्हा. मागून टपावर दोन थापा पडल्या.

"सांगितलं हुतं," उतरता उतरता आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय होता, आणि विजयाच्या तळाशी थोडं दुःखही होतं.

वैजयंता हसली. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून सरळ गाडीखाली शिरली. बराच वेळ तिचे नुसते पाय दिसत राहिले.

"या, आत बघा," ती खालूनच म्हणाली. "स्प्रिंग चुकली नाही. आडवी दांडी आखूड पडली, अन् तिरकी बसली. वळणावर गाडी कलून खालीवर झाली की ती पाठीला बाजूला ओढते. चूक माझी आहे, पण वाट बरोबर आहे. दांडी लांब हवी, अन् जमिनीला समांतर."

सत्तरी पार केलेला तो माणूस वाकला, गुडघ्यांवर आला, मुलीशेजारी मातीत आडवा झाला. त्यानं दांडी चाचपली. वितीनं मोजली. डोळे मिटून तिचा खेळ मनात चालवून पाहिला.

"एवढी लांब, न वाकणारी दांडी बाजारात मिळायची न्हाई," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? चल घरला. मी घडवतो."

आणि भट्टी पेटली. केशरी, जांभळी, शुभ्र ज्वाळा. ज्वाळांत अरुणवर्णी पोलाद. पोलादावर हातोडा, हातोड्यामागे खांदा, खांद्यामागे सारं आयुष्य. वैजयंता चिमट्यानं दांडी धरून होती. आबा ठोकत होते, ती फिरवत होती. ते ठोकत होते, ती फिरवत होती. पाण्यात दांडी बुडाली तेव्हा वाफेचा ढग दोघांच्या मधून वर गेला, आणि ढग विरला तेव्हा दोघंही घामानं न्हालेली, एकमेकांकडे न पाहता हसत होती.

माघातल्या एका पहाटे केळघर घाटातून निळा ट्रक उतरला. स्टिअरिंगवर वैजयंता, शेजारी सपकाळ, मागे जाळीबंद पेट्यांच्या रांगा. "पेट्यांपाशी कुणीतरी हवं," म्हणत आबा कांबळं घेऊन मागेच बसले होते. वळणामागून वळण आलं. दगड आले, उखणलेला रस्ता आला, ओढ्याचा खडबडीत उतार आला. सपकाळांची बोटं गुडघ्यावर घट्ट रुतलेली. वैजयंताचे हात मात्र सैल होते. तिला गाडीची पाठ आपल्या पाठीसारखी कळत होती.

उजाडताना ते खटावच्या रानात पोचले. बियांसाठी राखलेला कांदा तिथं फुलावर आला होता. हिरव्या दांड्यांवर पांढरे, गोल डेंगळे, वाऱ्यात डुलणारे, दूर क्षितिजापर्यंत.

सपकाळांनी धावत जाऊन मागचं फळकूट पाडलं, आणि ते तिथंच थबकले. "ताई, जरा इकडं या," ते कुजबुजले.

पेट्यांच्या दोन रांगांमध्ये कृष्णातराव गाढ झोपले होते. कांबळं छातीपर्यंत, पांढऱ्या मिश्या श्वासानं हलणाऱ्या, एक हात पेटीवर पसरलेला. सारा घाट उतरून आला होता, आणि त्यांना जाग आली नव्हती.

"आबा," वैजयंतानं हळूच हाक मारली.

त्यांनी डोळे उघडले. भोवतीचा उजेड पाहिला, शेत पाहिलं, मुलीचा चेहरा पाहिला. "एवढ्यात आलं?" ते म्हणाले. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन म्हातारा लाजला, आणि कांबळ्याची घडी घालू लागला.

सपकाळांनी पहिली पेटी उघडली. चौकटी एकेक उचलून उन्हात धरल्या. पोळी अभंग होती. षट्कोनामागून षट्कोन, भरलेली, झळझळीत, अखंड. राणी आपल्या दासींच्या घोळक्यातून संथपणे चालत होती.

जाळ्या निघाल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक सावळी माशी दाराशी आली, पंख पुसून थांबली, आणि उडाली. मग दुसरी. मग दहा, मग शेकडो, मग मोजण्यापलीकडच्या. आणि त्या शुभ्र डेंगळ्यांच्या समुद्रावर, फुलाफुलावर, पाकळीपाकळीवर, एक गुणगुण उतरत गेली, पसरत गेली, आणि दूर, फार दूर, उन्हात मिसळून गेली.